ठरावाची किंमत

आमच्या लहानपणी नगरपालिकेच्या सभासदाला वडीलधारी मंडळी ‘नगरपिता’ म्हणत. आता सगळीकडे ‘नगरसेवक’ हा शब्द रूढ झाला आहे. हा बदल केव्हा झाला हे कोणी पाहिले नाही आणि त्यावर कोणी वाद घातल्याचेही आम्हांस आठवत नाही. वास्तविक बदल लहान नव्हे. पिता मुलांचे म्हणणे ऐकून घेतो. परंतु काय करायचे ते स्वतःच्या बुद्धीने ठरवतो, आणि प्रसंगी मुलांच्या रडण्याकडे दुर्लक्षही करतो. सेवकाने सांगितलेले काम करावे आणि न सांगितलेल्या कामात पडू नये, अशी अपेक्षा असते. ज्या माणसाला आपण मत देऊन सभागृहात धाडतो तो या दोहोंपैकी कोण, या प्रश्नाचे उत्तर न देताच आपण एक शब्द टाकला आणि दुसरा उचलला.

प्रश्न जुनाच आहे. एडमंड बर्क यांनी १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांपुढे बोलताना त्याचे एक उत्तर दिले होते. प्रतिनिधीने मतदारांसाठी आपले कष्ट आणि वेळ द्यावा, त्यांच्या मताचा आदर करावा. परंतु स्वतःची विवेकबुद्धी मात्र त्यांच्या मर्जीपुढे गहाण टाकू नये, असा त्या उत्तराचा आशय होता. हे उत्तर राज्यशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात सापडते. त्याच बर्क यांना १७८० साली पराभव समोर दिसू लागल्यावर ब्रिस्टलमधून माघार घ्यावी लागली, हे मात्र पुष्कळदा सांगायचे राहून जाते.

परंतु बर्क यांचा प्रश्न पार्लमेंटचा होता. आपल्याकडेही ही चर्चा खासदार-आमदारांविषयीच होते. नगरसेवकाच्या वाट्याला तत्त्वचिंतन सहसा येत नाही. गटारे आणि दिवाबत्ती यांच्याशी ज्याचा संबंध त्याच्या विवेकबुद्धीची चौकशी कोण करतो? आम्हांस असे वाटते, की हा प्रश्न सर्वांत बिकट होतो तो नगरसेवकाच्याच बाबतीत. खासदार दिल्लीत असतो, आमदार बंगळूरला असतो. नगरसेवक गल्लीच्या तोंडाशी राहतो. सकाळी सातच्या सुमारास त्याच्या पायरीवर माणसे येऊन बसतात. कोणाच्या दारातला दिवा लागत नाही, कोणाच्या घरपट्टीत चूक झाली आहे, कोणाच्या गल्लीत आठवडा उलटूनही पाणी आलेले नाही. नगरसेवक यांपैकी एकही काम स्वतःच्या अधिकारात करू शकत नाही, ही गोष्ट पायरीवर बसलेल्यांना पुरती ठाऊक नसते. कायद्याने कारभाराचा अधिकार आयुक्तांकडे असतो. आमच्या शहरात महापौरसुद्धा एका वर्षासाठी असतो. खुर्ची अंगवळणी पडते न पडते तोच ती सोडावी लागते. नगरसेवकाचे बळ एवढेच, की त्याला माणसे ठाऊक असतात. कोणता कागद कोणाच्या टेबलावर अडकला आहे, पाणी सोडणारा माणूस कोणत्या वेळी कोणत्या चौकात सापडतो, आणि कोणाला रागावून चालते व कोणाला चहा पाजावा लागतो, हे सारे त्याला माहीत असते. त्याच्या पुस्तकी अधिकारापेक्षा त्याचे तेथे असणे हेच महत्त्वाचे.

बेळगावात २००८ पासून ५८ पैकी १० वॉर्डांत चोवीस तास पाणी येऊ लागले. उरलेल्यांनी पुढे कित्येक वर्षे वाट पाहिली. आपला वॉर्ड त्या दहांत का नाही, हा प्रश्न आमच्या नगरसेवकांना जितक्या वेळा विचारला गेला तितक्या वेळा सीमाप्रश्नही विचारला गेला नसेल. आणि तरीही, वर्षानुवर्षे आम्ही त्यांना निवडून देत होतो ते सीमाप्रश्नावर.

येथे थोडा मागचा इतिहास सांगितला पाहिजे. इंदूर-बडोद्याच्या वाचकांना तो सलग ठाऊक असेलच असे नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या त्याच्या अहवालाने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवले, आणि तो महाराष्ट्राने स्वीकारला नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. दोन दशके उलटली तरी तो निकालात निघालेला नाही. या सबंध काळात सीमाभागातील मराठी माणसाला आपले म्हणणे अधिकृतपणे मांडायला व्यासपीठ कोणते होते? विधानसभेत महाराष्ट्र एकीकरण समितीचे काही आमदार जात. परंतु दोनशेहून अधिक सदस्यांच्या सभागृहात त्यांचा आवाज तो किती! संसदेत तर तेवढाही नाही. ज्या एका सभागृहात मराठी भाषक बहुसंख्य होऊ शकत होते ते महानगरपालिकेचे. त्यामुळे सर्वांत मोठा प्रश्न सर्वांत लहान घरात येऊन बसला. दिवाबत्तीसाठी बांधलेल्या त्या घराला लाखो माणसांच्या भाषिक अस्तित्वाची साक्ष देण्याचे काम करावे लागले. ते घर त्यासाठी बांधलेले नव्हते हे खरे. पण दुसरे घर नव्हते हेही तितकेच खरे.

२००५ साली महापालिकेने बेळगाव महाराष्ट्रात समाविष्ट करावे असा ठराव संमत केला. त्या ठरावाने सीमा एक तसूही हलणार नव्हती, हे हात वर करणाऱ्या प्रत्येक सभासदाला माहीत होते. पुढे बंगळूरला महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला काळे फासण्यात आले आणि त्याच नोव्हेंबरात राज्य शासनाने सभागृह बरखास्त केले. सहा वर्षांनी पुन्हा तेच घडले. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत पदाधिकारी सामील झाल्यावरून वादळ उठले आणि डिसेंबर २०११ मध्ये सभागृह पुन्हा बरखास्त झाले. पुढची निवडणूक व्हायला मार्च २०१३ उजाडला.

राज्य शासनाने केले ते योग्य की अयोग्य, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय नाही. आमचे त्याविषयीचे मत या पत्रिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आम्हांला विचार करायचा आहे तो ठराव करणाऱ्यांच्या बाजूने, म्हणजे आमच्याच बाजूने. ज्याला गल्लीने पाण्यासाठी आणि गटारासाठी सभागृहात पाठवले त्याला आपले पद एका साक्षीसाठी खर्ची घालण्याचा नैतिक अधिकार आहे काय?

‘अर्थात आहे’ असे उत्तर आम्ही २००५ साली क्षणाचाही विचार न करता दिले असते. दिलेही होते. आमच्या मंडळाच्या बैठकीत त्या ठरावाबद्दल अभिनंदनाची भाषणे झाली. त्यांपैकी एक आमचे होते. बरखास्तीनंतर तर सभासद आम्हांला हुतात्म्यांच्या पंक्तीत बसल्यासारखे दिसू लागले. २०१२ च्या पावसाळ्यात मात्र एक लहानशी गोष्ट घडली. ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

आमच्या गल्लीच्या उताराला एक आजी राहत. एकट्याच. मुलगा पुण्याला कारखान्यात. मोठा पाऊस झाला की गल्लीतले गटार तुंबे आणि पाणी आजींच्या उंबऱ्यावरून आत येई. दरवर्षी जूनच्या आधी त्या नगरसेवकाच्या पायरीवर जाऊन बसत आणि गटाराचा गाळ काढून घेत. त्या वर्षी पायरी होती, नगरसेवक नव्हता. म्हणजे माणूस घरात होता, परंतु त्याच्या शब्दाला कचेरीत विचारणारे कोणी उरले नव्हते. आजी आमच्याकडे आल्या. मास्तर लिहिते माणूस आहेत, अर्ज करून देतील, असे त्यांना कोणी सांगितले असावे. आम्ही अर्ज मराठीत लिहिला. कानडी आम्हांला कामापुरते लिहिता येते. तरीही तत्त्व म्हणून मराठीत लिहिला, आणि मराठी भाषक अल्पसंख्याकांच्या हक्कांसंबंधीचे दोन परिच्छेदही त्यात घातले. अर्ज चांगला उतरला होता. आजींना तो वाचून दाखवला तेव्हा त्या गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, “मास्तर, अर्ज कंच्या बी भाषेत लिवा, पर माजं घर तेवढं कोरडं करा.”

त्या अर्जाचे काय झाले ते आम्हांला कळले नाही. आम्ही पाठपुरावा केला नाही. आम्हांला वाटले, आपण लिहिला, आपले काम झाले. कचेरीला दोष देण्याचा आमचा हेतू नाही, कारण दारी न जाता लिहिलेला अर्ज कोणत्याही भाषेतला असला तरी बहुधा तसाच पडून राहतो. जुलैत पाणी घरात आले. आजींचे धान्याचे दोन डबे आणि अंथरूण भिजले. त्यांच्या शेजारी एक कानडी भाषक कुटुंब होते. त्यांच्याही घरात तेवढेच पाणी शिरले होते. शेवटी त्या घरातील कर्ता माणूस दोन दिवस रजा काढून कचेरीत जाऊन बसला आणि दोन्ही घरांपुढचे गटार साफ करून घेतले.

आजींनी समितीखेरीज कोणाला कधी मत दिले नाही. म्हणजे ठरावाच्या किंमतीत त्यांचा वाटा होता असे एक वेळ म्हणता येईल. त्यांनी मत देताना तो पत्करला होता. परंतु शेजारच्या कुटुंबाने तसे काही पत्करले नव्हते. त्यांनी बहुधा उलट बाजूला मत दिले असेल. पाण्याने हा भेद केला नाही.

आम्हांला तेव्हापासून छळत आलेला प्रश्न हा असा आहे: निषेध योग्य की अयोग्य, एवढे विचारून भागत नाही, त्याची किंमत कोणाच्या खिशातून जाते हेही विचारावे लागते.

या बाबतीत पुण्याच्या नगरपालिकेतील एका सभासदाची कारकीर्द आम्ही मुद्दाम पुन्हा वाचून काढली. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते, ही गोष्ट त्यांच्या इतर कार्याच्या तेजापुढे झाकली गेली आहे. ते सरकारनियुक्त सभासद होते. तेव्हा पुण्याच्या सभासदांना लोक निवडून देत नसत. स्थानिक स्वराज्यासंबंधीचा लॉर्ड रिपन यांचा प्रसिद्ध ठराव १८८२ सालचा. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून १८८० साली नगरपालिकेने स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचे घाटले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा असे म्हणून जोतीरावांनी विरोध केला, आणि मतदानात विरोधी मत पडले ते त्यांचे एकट्याचे. शहरात दारूची दुकाने वाढू देण्यालाही त्यांनी त्याच सुमारास हरकत घेतली. भाजीबाजाराची मोठी इमारत बांधण्याच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. तेथेही त्यांचे म्हणणे शिक्षणाचेच होते. या साऱ्यात ते हरले. हजार रुपये खर्च झाले, बाजाराची इमारत उभी राहिली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले.

जोतीराव हे सरकारी बांधकामांचे ठेके घेणारे गृहस्थ होते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवली पाहिजे. ज्या सरकारने सभासद म्हणून नेमले, ज्या सरकारच्या कामांवर व्यवसायाचा काही भाग अवलंबून, त्याच सरकारच्या सर्वोच्च प्रतिनिधीच्या स्वागताला त्यांनी नकार दिला. नुकसान झालेच तर ते त्यांचे होणार होते. त्यांच्या एका मताने कोणाच्या दारातले गटार तुंबणार नव्हते. सभागृह चालूच राहणार होते आणि जोतीराव दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथे जाऊन बसू शकत होते. त्यांच्या नकाराचे नैतिक वजन आम्हांला वाटते ते यामुळे. धैर्य तर त्यात होतेच. पण जे पणाला लावले ते त्यांचे स्वतःचे होते.

यावर कोणी म्हणेल, की जोतीरावांना मतदार नव्हते, म्हणून त्यांना हे सोपे गेले. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. ज्याला गल्लीने पाठवलेले नाही त्याला गल्लीचे देणे नसते. निवडून आलेल्या माणसाचे तसे नाही. त्याचे पद त्याच्या मालकीचे नसते. तो त्याचा विश्वस्त असतो. अज्ञान मुलाच्या मिळकतीचा पालक मोठा दानशूर असेल, पण त्या मिळकतीतून दानधर्म करण्याची त्याला मुभा नाही, मग ते दान कितीही सत्पात्री का असेना. त्याने दान करावे ते स्वतःच्या पैशातून.

हा विश्वस्ताचा दृष्टान्त पहिल्यांदा सुचला तेव्हा आम्हांला वाटले, प्रश्न सुटला. तो तसा सुटत नाही. मतदार अज्ञान मूल नव्हे. बेळगावच्या मतदाराने समितीला मत दिले ते डोळे उघडे ठेवून. दोन बरखास्त्यांनंतर २०१३ च्या निवडणुकीत त्याने मराठी गटाला पुन्हा बहुमत दिले, म्हणजे किंमत कळल्यावरही सौदा कायम ठेवला. मिळकतीच्या मालकानेच ‘कर दान’ असे सांगितल्यावर विश्वस्ताचा हात धरणारे आपण कोण? जी माणसे पिढ्यानुपिढ्या एकच गोष्ट सांगत आली, तिच्यासाठी लाठ्या खाल्ल्या, १९५६ मध्ये आणि नंतरही प्राण दिले, त्यांना ‘तुमचे पद गटारासाठी आहे, भाषेचे बोलू नका’ असे सांगणे हा उद्धटपणाच होय. माणसाला पाणी लागते तशी आपल्या भाषेत हाक मारलेलीही लागते.

तरीही शेजारच्या कानडी घरात शिरलेले पाणी उरतेच. बहुमताने आपली किंमत स्वतः ठरवावी. ज्यांनी सौदा केला नाही त्यांच्यावरही ती बसते तेव्हा निदान त्याची जाणीव तरी असावी. आणि खरे सांगायचे तर आजींच्या बाबतीतही ‘त्यांनी पत्करले होते’ हे म्हणणे आमच्या तोंडी शोभत नाही. पत्करले आम्ही सर्वांनी मिळून होते. भिजले ते उतारावरचे घर. आमचे घर गल्लीच्या वरच्या अंगाला आहे.

या ठिकाणी आम्हांला अहमदाबादची एक हकीकत आठवते. वल्लभभाई पटेल १९१७ साली अहमदाबाद नगरपालिकेवर निवडून आले. सरदार म्हणून जग त्यांना ओळखू लागण्यापूर्वीची ही गोष्ट. तेव्हा त्यांचे काम होते सफाईचे, पाण्याचे, प्लेगच्या दिवसांत घाण काढण्याचे. असहकाराची चळवळ सुरू झाल्यावर नगरपालिकेने प्राथमिक शाळांसाठी मिळणारे सरकारी अनुदान नाकारले आणि शाळांवरील सरकारी तपासणीही नाकारली. साक्ष देण्याचाच हा प्रकार. सरकारने फेब्रुवारी १९२२ मध्ये नगरपालिका बरखास्त केली. येथपर्यंत गोष्ट आमच्यासारखीच आहे. नंतर मात्र ती निराळी होते. वल्लभभाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकवर्गणी जमवली, मंडळ स्थापले आणि शहरात राष्ट्रीय शाळा चालवल्या. अनुदान नाकारायचे तर मुलांच्या पाट्या-पुस्तकांचे काय, हा हिशेब त्यांनी टाळला नाही. पुढे सरकारने सभासदांवर पैशाच्या वसुलीचा दावाही लावला. तो टिकला नाही. १९२४ साली वल्लभभाई त्याच नगरपालिकेचे अध्यक्ष म्हणून परत आले आणि १९२८ पर्यंत त्यांनी पुन्हा पाण्याचे आणि गटारांचेच काम केले.

अहमदाबादचा निषेध आमच्याहून अधिक शूर होता असे आम्ही म्हणणार नाही. ते मोठे, धनाढ्य शहर. मागे सबंध देशाची चळवळ उभी. सीमाभागातील कार्यकर्त्याच्या मागे तेवढे बळ कधीच नव्हते. परंतु आमच्या निषेधात एक जागा रिकामी राहिली होती आणि तेथे ती भरलेली होती. सभागृह गेल्यावर नगरसेवकाच्या पायरीचे काय होणार, हे आम्ही कोणी विचारले नाही. वॉर्डावॉर्डांत चार-चार जाणत्या माणसांनी पाळी लावून तक्रारी घ्यायच्या, कचेरीत घेऊन जायच्या, ज्याला कानडी येते त्याने कानडीत अर्ज लिहायचा, आणि त्यात मराठीवर अन्याय झाला असे मानायचे नाही, एवढी व्यवस्था आमच्यासारख्या निवृत्त, रिकामटेकड्या आणि अभिनंदनाच्या भाषणांत पटाईत अशा मंडळींना सहज करता आली असती. तिला वर्गणीही लागली नसती. आम्ही काय केले? परिसंवाद भरवला. विषय होता ‘लोकशाहीची गळचेपी’. उपस्थिती चांगली होती.

म्हणजे ठराव करणाऱ्या सभासदांनी आपल्या वाट्याचे मोल दिले: एकाच्या तोंडाला काळे लागले, इतरांची पदे गेली. गल्लीनेही दिले. मधल्या मध्ये आम्ही, म्हणजे टाळ्या वाजवणारे, कोरडे राहिलो.

येथे विरुद्ध बाजूचे एक म्हणणे नोंदवले पाहिजे. कारण किंमतीचा हा मुद्दा अलीकडे फार सोयीने वापरला जातो. ‘भाषेच्या राजकारणाने शहराचा विकास खुंटला, ठराव केले नसते तर सभागृह राहिले असते’ असे आता आपल्यातलीही पुष्कळ माणसे म्हणतात. त्यांना एकच गोष्ट दाखवावी. २०१३ च्या सभागृहाची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली. त्यानंतर निवडणूक झाली ती सप्टेंबर २०२१ मध्ये. निवडून आलेल्यांना महापौर मिळाला तो थेट फेब्रुवारी २०२३ मध्ये. जवळजवळ चार वर्षे बेळगावला चालते सभागृह नव्हते, आणि या वेळी कोणीही कसलाही ठराव केला नव्हता. मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांच्या मुदती मार्च २०२२ मध्ये संपल्या. तेथेही पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होते. त्या शहरांत तर सीमाप्रश्न नाही! मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, आणि बरखास्त केलेच तर सहा महिन्यांच्या आत घ्यावी, अशी तरतूद चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून संविधानात आहे. पायरी रिकामी ठेवायला निषेधाचे निमित्त लागतेच असे नाही. तेव्हा गटाराचे दुःख भाषेच्या माथी मारणाऱ्यांनी या चार वर्षांचा जमाखर्चही मांडावा. आणि आम्ही, जे दोन बरखास्त्यांच्या वेळी सभागृहासाठी गळा काढत होतो, त्या चार वर्षांत का गप्प बसलो, हेही सांगावे. सभागृह आमचे नसले तर ते असले काय आणि नसले काय, असे तर आमच्या मनात नव्हते?

२०२१ च्या निवडणुकीत प्रथमच राजकीय पक्ष आपापली चिन्हे घेऊन उतरले. ५८ पैकी ३५ जागा भारतीय जनता पक्षाला मिळाल्या. समितीच्या वाट्याला मोजक्याच आल्या. निवडून आलेल्यांत मराठी भाषक पुष्कळ आहेत. मतदाराने भाषा सोडली असा याचा अर्थ काहींनी काढला. आम्हांस तो अर्थ घाईचा वाटतो. दुसराही एक निघू शकतो: मतदाराने साक्ष आणि पायरी यांची फारकत केली. साक्ष द्यायची तेथे तो अजून देतो; १ नोव्हेंबरच्या फेरीला अजून गर्दी असते. पायरी मात्र त्याला भरलेली हवी आहे. यात त्याची चूक आहे असे म्हणण्याचे धाडस निदान आम्हांला होत नाही. एवढे मात्र वाटते, की सभागृहात बसलेल्या मराठी सभासदांपैकी एखाद्याने, पक्ष कोणताही असो, नेमक्या वेळी एकट्याने हात वर करायला हरकत नाही. एका हाताने सभागृह बरखास्त होत नाही. उमेदवारी जाईल, पण ती त्याची स्वतःची.

पुण्याची गोष्ट आम्ही अर्धी सोडली होती. जोतीराव गेल्यावर पस्तीस वर्षांनी, १९२५ साली, त्यांचा पुतळा उभारण्याचा प्रस्ताव पुणे नगरपालिकेपुढे आला आणि तो फेटाळला गेला. त्यानंतर तेरा-चौदा वर्षांनी आचार्य अत्रे त्या नगरपालिकेत निवडून गेले, आणि त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. ज्या इमारतीच्या खर्चाला सभासद म्हणून जोतीरावांनी विरोध केला तिच्यावर आज त्यांचे नाव आहे. यात न्याय झाला की थट्टा झाली, हे आम्हांला अजून ठरवता आलेले नाही. भाजी घ्यायला येणाऱ्यांना त्या विरोधी मताची आठवण करून देणारे तेथे काही असावे, असे मात्र प्रत्येक पुणे भेटीत वाटते.

आजी २०१७ साली गेल्या. त्यांच्या घराच्या जागी आता दोन मजली इमारत आहे आणि गटार बंदिस्त झाले आहे.

मागच्या महिन्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा घरी आला होता. पुढच्या निवडणुकीला समितीकडून उभे राहण्याचे त्याच्या मनात आहे. मुलगा चुणचुणीत आहे. कानडीही उत्तम बोलतो. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर त्याने विचारले, “सर, निवडून आलो तर पहिल्याच सभेत ठराव मांडावा का?” आम्ही त्याला हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. एवढेच विचारले, की बाबा रे, उद्या तुला घरी बसवले, तर तुझ्या वॉर्डात कचेरीच्या खेपा कोण घालणार? नावे सांग. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग बोटे मोजू लागला. दोन नावे त्याने झटकन सांगितली. तिसऱ्यापाशी थांबला आणि आमच्याकडे पाहू लागला.